एका फडक्यात साफ

सुदेशच्या नव्या ट्रकच्या रंगावर किती पैसे घालावेत, हे सुदेश सोडून साऱ्या बंदराला ठाऊक होतं. दसऱ्याला गाडी दारात आली आणि दुसऱ्या दिवसापासून माणसं तिच्याभोवती अशी फिरू लागली, जणू लग्नाची मुलगी बघायला आली आहेत. कोणी दरवाज्यावर टिचकी मारून पत्र्याची जाडी जोखी, तर कोणी तिच्या आरशात बघून भांग पाडी. जाता जाता प्रत्येकजण एक आकडा ठेवून जाई.

"खारो वारो आसा, बाबा. सा म्हयन्यात रंग जातलो," हे सगळ्यांचं एकच पालुपद. त्यापुढे मात्र जितकी तोंडं तितके उपाय. मुंबईचा मेहुणा दत्तप्रसाद रोज फोनवरून सांगे, की गाडीला अख्खी पारदर्शक फिल्म चढवून घे, एक लाख दहा हजार जातील पण दहा वर्षं बघायला नको. चहाच्या टपरीवरचे म्हणत, चार हजारांत वॅक्स पॉलिश मारा आणि गप्प बसा. बाबली फिटर तर हसूनच म्हणाला, "वर कायच लाव नको. खालसून जळका ऑइल मार, आणि काळजी सोड." फुकटचा सल्ला आणि खारा वारा, या किनाऱ्यावर दोन्ही गोष्टींना तोटा नाही.

सुदेशचं डोकं भणभणून गेलं होतं. गाडी पांढरीशुभ्र, चौदा फुटी, सहा चाकांची. सकाळी उठून घरापुढच्या खळ्यात यावं तर तिच्यावर दवाचे थेंब, आणि थेंब सुकले की मिठाचे बारीक ठिपके. तो पिवळं फडकं घेऊन पुसत बसे. दुपारी पुन्हा ठिपके. तिसऱ्या दिवशी पाठीमागच्या कोपऱ्यावर कोंबडी चढून बसलेली दिसली आणि त्यानं चप्पल फेकून मारली. चप्पल कोंबडीला लागली नाही, गाडीला लागली. मग स्वतःलाच शिव्या घालत तो अर्धा तास त्या जागेवर फडकं घासत राहिला.

त्याची ही तऱ्हा उगाच नव्हती. बावीस वर्षं सुदेशनं दुसऱ्याची गाडी चालवली होती. शेट घाटावरचा, बोलायला गोड, पण हिशेबाला सुरी. फेरी करून गाडी आली की शेट हातात टॉर्च घेऊन तिच्याभोवती प्रदक्षिणा घाली. ओरखडा दिसला की दोनशे, पोचा दिसला की पाचशे. बोट ठेवून दाखवी आणि शांतपणे म्हणे, "हे तुझ्या पगारातून जाईल." ना शिवी, ना आरडाओरडा. ते शांतपणच सुदेशला जास्त झोंबे.

त्यातही आंबोलीची गोष्ट तो आयुष्यभर विसरला नव्हता. बेळगावला मासळी घेऊन जाताना घाटात धुकं दाटलेलं, आणि वळणावर समोरून एक मोटारसायकल आली, बापाच्या पुढ्यात लहान पोर बसलेलं. सुदेशनं गाडी डोंगराच्या अंगाला घातली. पोर वाचलं, बाप वाचला, गाडीची डावी बाजू दगडाला घासत गेली आणि सुदेशच्या कपाळाला चार टाके पडले. पट्टी बांधून तो शेटसमोर उभा राहिला तेव्हा शेटनं आधी गाडीभोवती फेरी मारली. पूर्ण फेरी. मग त्याच्याकडे वळून, "साडेतीन हजार. हे तुझ्या पगारातून जाईल." कपाळाला काय झालं, हे शेटनं आजतागायत विचारलेलं नाही.

ही गोष्ट बंदरावर सगळ्यांना पाठ होती, कारण ती सांगायला सुदेशला निमित्त लागत नसे. ऐकून सगळ्यात जास्त चिडायचा तो धोंडूकाका. साठीला टेकलेला, काटक, बंदरावरचा जुना हमाल. "माणसापरस पत्रो मोठो काय रे?" असं म्हणून तो शेटच्या सात पिढ्या काढायचा. आणि सुदेश दरवेळी सांगायचा, की माझी गाडी होईल तेव्हा बघ काका, माझ्या गाडीवर माणूस माणसासारखा राहील.

आता गाडी झाली होती. ती झाली कशी, ते त्याला आणि बायकोला ठाऊक. जानकी बंदरावर लिलावात मासळी धरायची, बर्फ घालून भरायची. सुदेश शेटच्या फेऱ्या सांभाळून ती परक्या टेम्पोतून पोचवायचा. बारा वर्षं दोघांनी पै पै गाठीला बांधली. गाडी घेऊनही पन्नास हजार उरले होते, आणि तो उरलेला पैसाच आता घरात भांडण लावत होता.

"माका एक सांगा," जानकी म्हणाली. ती खळ्यातल्या पायरीवर बसून कोयतीला धार लावत होती. "मीठ गाडयेक वरसून खाता काय खालसून? शेटची गाडी खंयसून कुजली?"

"खालसून," सुदेशला कबूल करावंच लागलं.

"मगे तुमी रंगाची काळजी कित्याक करतास? माशांचा पाणी खंय जाता ता बघा. खालसून काय ता मारून घेवा, आणि उरतले ते ऱ्हवांदेत."

"तुका कळाचा नाय, जानकी."

"माका कळाचा नाय, तर कळता कोणाक? त्या दत्तप्रसादाक?"

यावर सुदेश चिडला. बायकोचं बोलणं बरोबर असलं की माणसाला जास्त राग येतो. तेवढ्यात कुंपणाच्या बेड्यातून धोंडूकाका आत आला. गाडीपासून दोन हात लांबच थांबला, हात मागे बांधून. गाडीला हात लावू नये एवढं त्याला कोणी न सांगता कळलं होतं, आणि सुदेशला त्याचं बरं वाटलं.

"सुदेशा, एक सांगू? राग मानू नको," काका म्हणाला. "मागच्या फाळक्याच्या कडेक रबराची पट्टी मारून घे. आणि वर चढाक दोन पायऱ्यो. बर्फाचा पाणी पडला की ह्यो पत्रो बुळबुळीत जाता. क्रेट हातात ऱ्हवणा नाय."

"किती जातले?"

"वेल्डर साडेचार हजार म्हणता. मी विचारून इलंय."

"बघूया, काका. मागसून बघूया. आधी रंगाचा जावंदे."

"माल भरूच्या आधी झाला तर बरा," एवढंच बोलून काका गेला. जानकीनं नवऱ्याकडे बघितलं आणि कोयती जरा जोरात घासली.

दुसऱ्या दिवशी सुदेश गाडी घेऊन कणकवलीला गेला. हायवेलगत काचेचं नवं दुकान झालं होतं, आत इतका उजेड की गाडीला आंघोळ घालतात की ऑपरेशन करतात ते कळू नये. दुकानाचा मालक अनिश, पंचविशीतला, कानात फोनचं यंत्र, अंगात काळा टी-शर्ट. त्यानं सुदेशला खुर्ची दिली, गार पाण्याची बाटली दिली आणि म्हणाला, "बसा, शेट."

सुदेशनं मागं वळून बघितलं. मागं कोणी नव्हतं.

"शेट, फिल्म तुमच्या कामाची नाही. उगाच लाख घालवाल. वॅक्स म्हणाल तर दोन महिन्यांत पाण्याबरोबर गेलं. तुम्हाला सिरॅमिक कोटिंगच पाहिजे." अनिशनं एक पांढरा पत्रा पुढं ठेवला आणि त्यावर कपभर चिखलाचं पाणी ओतलं. पाणी पत्र्याला चिकटलंच नाही. गोल गोल थेंब होऊन पळालं, खाली बादलीत पडलं. जे थोडं राहिलं होतं, त्यावर त्यानं फडकं फिरवलं. पत्रा होता तसा. "चिखल, मीठ, तेल, माशाचं रक्त. काहीही पडू दे, शेट. एका फडक्यात साफ."

"कितीक?"

"अडतीस हजार. दुसऱ्यांना बेचाळीस सांगतो."

सुदेशला हेही कळत होतं, की दुसऱ्यांनाही तो अडतीसच सांगत असणार. जानकीचं बोलणं आठवलं, काकाची रबराची पट्टी आठवली. पण बावीस वर्षांत त्याला पहिल्यांदा कोणी शेट म्हटलं होतं, आणि तेही तीनदा. त्यानं अडतीस हजार मोजले. खालून गंज न धरणारं काळं लेपन मारून घ्यायला आणखी आठ गेले, एवढं तरी बायकोसाठी केलं, असं त्यानं स्वतःला बजावलं. उरलेल्या चार हजारांत घरी परतायचं डिझेल, दुकानातल्या पोरांना चहापाणी आणि गाडीसाठी खास शाम्पूची बाटली. वेल्डरसाठी काही उरलं नाही.

"सात दिवस पाणी नाही, ऊन नाही, हात नाही," अनिशनं बजावलं होतं. झालं! पुढचे सात दिवस नवीकोरी गाडी शेजारच्या वखारीत ताडपत्रीच्या आडोशाला उभी, आणि जानकीची मासळी भाड्याच्या टेम्पोतून कोल्हापूरला. रोज संध्याकाळी टेम्पोवाल्याच्या हातावर भाडं ठेवताना ती नवऱ्याकडे बघत नसे. तिनं दोन शब्द सुनावले असते तर सुदेशला बरं वाटलं असतं. सात दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज.

आठव्या दिवशी गाडी देवळासमोर नेली. गाऱ्हाणं घालायचा मान धोंडूकाकाच्या घराण्याचा. बंदरावर पाठीवर क्रेट वाहणारा काका देवळाच्या पायरीवर उभा राहिला की गावचे शिकलेसवरलेलेही त्याच्यामागे हात जोडतात. पण त्याआधी सुदेशची कटकट झालीच. जानकी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायला गेली, तर यानं तिचा हात धरला. "रंगार नको, काचेर काढ." नारळ बंपरवर फोडायचा, तर म्हणे पायरीवर फोडा, करवंटी उडून लागेल. लोक एकमेकांकडे बघून हसले. जानकीनं काचेवर स्वस्तिक काढलं आणि उरलेलं कुंकू पदराला पुसलं.

मग सुदेश काकाच्या कानाशी लागला, "काका, रंगाक चरो पडा नये, असा घाल हां."

काकानं मान हलवली, हातात नारळ धरला आणि खणखणीत आवाज लावला. "बा देवा महाराजा, आज तुझ्या ह्या लेकरान कष्टान गाडी घेतल्यान हा, ती तुझ्या पायाकडे हाडल्यान हा. तिच्यार कोणाची वाकडी नजर पडली आसात, ती दूर कर रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळे म्हणाले.

"तिच्यार बसणाऱ्याक, तिच्यार चढणाऱ्याक, तिच्यात माल भरणाऱ्याक, तेंच्या हातापायाक संभाळ रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

रंगाचं नाव नाही! सुदेश वाट बघत राहिला आणि काकानं नारळ फोडला. अडतीस हजार खर्च केले आणि देवाच्या कानावर त्यातला एक रुपया गेला नाही, म्हणून तो घरी येईपर्यंत धुसफुसत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी पहिला माल. बांगड्याचे साठ क्रेट, वर बर्फ, रात्रीपर्यंत कोल्हापूरला पोचायला हवेत. गाडीच्या आत महादू नावाचा जवान हमाल, खाली धोंडूकाका. काका क्रेट उचलून उघड्या फाळक्याच्या कडेवर टेकवी, महादू आत ओढून घेई. जानकी बाजूला उभी राहून क्रेट मोजत होती. सुदेश हातात पिवळं फडकं घेऊन येरझाऱ्या घालत होता.

"सांभाळून. कोपऱ्याक लागात. महादू, बघून ओढ."

दहा क्रेट झाले, वीस झाले. बर्फाचं पाणी पत्र्यावर पसरलं. "सांभाळून रे," सुदेश पुन्हा म्हणाला. त्याच्या या सांभाळूनची हमालांना इतकी धास्ती बसली होती, की दोघंही मालाकडे कमी आणि पत्र्याकडे जास्त बघत होते. चाळिसाव्या क्रेटला सुदेश पुढं गेला, आरशावर उडालेला खवला पुसायला. तेवढ्यात मागून महादूची हाक आली, पाठोपाठ पत्रा खरवडल्याचा आवाज.

सुदेश धावला. झालं होतं ते असं. महादूच्या हातातून क्रेट सुटला होता. पस्तीस किलोचा तो क्रेट बुळबुळीत पत्र्यावरून मागं घसरला, कडेवरून तिरपा होऊन कोपऱ्याकडे निघाला. धोंडूकाकाला बाजूला होता आलं असतं. तो झाला नाही. क्रेट आणि कोपरा यांच्यामध्ये त्यानं हात घातला. तरीही क्रेटची कड खाली घसरत गेली होतीच, आणि पांढऱ्या पत्र्यावर वीतभर लांब काळा ओरखडा उठला होता.

सुदेशनं ओरखड्यावर अंगठा फिरवला. नख अडकलं. म्हणजे कोटिंग फाटून खालच्या रंगापर्यंत गेला. तो एक पाऊल मागं सरला, वाकून खालून बघितलं, दुसऱ्या बाजूला काही लागलंय का म्हणून गाडीला वळसा घालून आला. त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. चोवीस तास नाही झाले! आणि मग त्याच्या तोंडून ते वाक्य आलं. ना शिवी, ना आरडाओरडा. मालवणी माणसाच्या तोंडून, चक्क घाटावरच्या शेटच्या भाषेत.

"हे तुझ्या हमालीतून जाईल."

महादूनं मान खाली घातली. डावा हात खांद्यावरच्या टॉवेलात गुंडाळून काका छातीशी धरून उभा होता.

"अवो," जानकी म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता. "गाडयेक फेरी मारून झाली आसात तर तेचो हात बघा."

सुदेशनं तेव्हा बघितलं. टॉवेल मुळात पांढरा होता. आता तो अर्धा लाल होता आणि कोपरावरून रक्त खाली बर्फाच्या पाण्यात पडत होतं. क्रेट आणि फाळक्याची लोखंडी कडी यांच्यात दोन बोटं चेंगरली होती.

"तुझो रंग वाचवूक गेलंय, रे," काका म्हणाला, चूक कबूल करावी तसा. "पण नाय वाचलो."

जानकीनंच काकाला पुढं बसवलं आणि ती मालापाशी थांबली. सरकारी दवाखाना दोन किलोमीटर. सुदेशनं फाळका लावला आणि गाडी काढली. सीटवर अजून कंपनीचं प्लॅस्टिक होतं. काका सीटच्या अगदी टोकाला बसला होता, आणि दुखरा हात त्यानं खिडकीतून बाहेर धरला होता.

"काका, हात आत घे."

"नको. शीट खराब जातली."

"मरांदे ती शीट! हात आत घे."

"पोचलांवच मरे," काका म्हणाला आणि हात तसाच ठेवला.

सुदेशला सांगायचं होतं, की मघाशी मी बोललो ते मी नव्हतो. पण ते खरं नव्हतं. तोच बोलला होता. आंबोलीची गोष्ट त्यानं पंधरा वर्षं या माणसाला सांगितली होती, आणि दरवेळी हा माणूस त्याच्या बाजूनं पेटून उठला होता. माणसापरस पत्रो मोठो काय रे? आज काकानं तेवढं एक वाक्य म्हटलं असतं, तर सुदेशला मान खाली घालून ऐकून घेता आलं असतं. काका ते म्हणाला नाही. बंदराचा रस्ता संपून तिठा आला, दवाखान्याचं फाटक आलं.

गाडी थांबवून सुदेश धावत पलीकडे गेला, काकाला उतरवायला. आणि दरवाज्यासमोर तसाच उभा राहिला.

दोन किलोमीटर त्या हातातलं रक्त दरवाज्यावरून वाहत आलं होतं. पण दरवाजा पांढराशुभ्र होता. रक्त पत्र्याला चिकटलंच नव्हतं. गोल गोल थेंब होऊन वाऱ्यानं मागं पळालं होतं, खाली रस्त्यावर पडलं होतं. खिडकीच्या खाली दोन-चार थेंब तेवढे अजून थरथरत होते. अनिश खोटं बोलला नव्हता. अडतीस हजारांचा माल अगदी सांगितल्याबरहुकूम निघाला होता, आणि सुदेशला वाटलं, आत्ता दगड घ्यावा आणि हा दरवाजा आपल्या हातानं चेचून टाकावा.

काका एका हातानं धरून स्वतःच खाली उतरला. सुदेश कुठं बघतोय ते त्याच्या लक्षात आलं. त्यानं टॉवेलचं सुकं टोक उजव्या हातात घेतलं, हात उंच करून ते चार थेंब पुसले, आणि एकदा निरखून बघितलं.

"बघ, डाग नाय पडाक," तो म्हणाला. "ह्याचे तरी पैशे कापू नको."